वाचकांचे प्रश्न : कारखाना, कॉलेज आणि मधली फाइल

विदर्भातल्या लहान कारखानदारांकडून, शेतकरी कंपन्यांकडून आणि ग्रामीण महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांकडून आम्ही एका विषयावर प्रश्न मागवले होते : उद्योगाने आणि विद्यापीठाने मिळून संशोधन करायचे, तर सुरुवात कुठून करायची? आपल्याकडच्या जिनिंग, डाळमिल, राईसमिलवाल्याकडे स्वतःची प्रयोगशाळा नसते. त्यामुळे जिल्ह्यातले कॉलेज हीच त्याची प्रयोगशाळा होऊ शकते. पत्रे पुष्कळ आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून अन्नप्रक्रिया, स्थापत्य आणि पेटंट या विषयांतल्या जाणकारांकडून उत्तरे घेतली आहेत.

आमची मूर्तिजापूरजवळ लहान डाळमिल आहे. हंगामात दिवसाला वीस क्विंटल तूर भरडतो. डाळ कमी उतरते आणि चुनी (डाळीचा चुरा) जास्त जाते, असा अंदाज आहे. विद्यापीठात विचारले तर ‘प्रस्ताव लिहून द्या’ म्हणाले. त्यात लिहायचे तरी काय?

आधी ‘अंदाज आहे’ हे शब्द खोडायचे आणि वजनकाटा वापरायचा. एकाच वाणाची पाच क्विंटल तूर बाजूला काढा. आशा असेल तर सगळी आशा, मारुती असेल तर सगळी मारुती. बाजार समितीतून आलेली सरमिसळ चालणार नाही. भरडण्यापूर्वी ओलावा मोजून घ्या. भरडल्यावर डाळ, तुकडा, चुनी, टरफल आणि न सोललेला दाणा यांची वेगवेगळी वजने घ्या. सगळ्यांची बेरीज पाच क्विंटलच्या जवळ आली पाहिजे. वाळताना उडालेला ओलावा धरूनही दोन टक्क्यांहून जास्त तूट दिसली, तर एक तर काट्यात खोट आहे किंवा पावडर धुळीबरोबर बाहेर जाते आहे. हेच तीन वेळा करा. एकदाच केलेल्या मोजणीवर कोणताही प्राध्यापक विश्वास ठेवणार नाही, आणि त्याने ठेवूही नये.

तुरीच्या दाण्यात टरफल साधारण १३ ते १५ टक्के असते. अंकुराचा भाग वजा केला तरी दाण्यात ८३ ते ८५ टक्के डाळ असते. ती सगळी हाती लागत नाही, पण नीट चालणाऱ्या मिलमध्ये उतारा ७५ च्या आसपास येतो. तुमचा ६८ आला, तर प्रश्न खरा आहे. तो संशोधनाचा आहे की देखभालीचा, हे मात्र अजून ठरायचे आहे. एमरी रोलरचा दगड गुळगुळीत झाला असेल तर टरफलाला ओरखडा पडत नाही, मग माणूस दाब वाढवतो आणि डाळीची चुनी होते. चाळणी न लावता लहानमोठा दाणा एकत्र सोडला तर मोठा दाणा फुटतो आणि लहान दाणा तसाच निघून जातो. तेल लावण्याचे प्रमाण साधारण क्विंटलला पाव ते अर्धा किलो असते. ते हाताने शिंपडले तर अर्ध्या दाण्यांना लागतच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत आभाळ आले की उन्हात घातलेली तूर वरून कोरडी आणि आतून ओली राहते. या चार गोष्टी तपासल्यावरही उतारा वाढला नाही, तरच विद्यापीठाकडे जा.

प्रस्ताव एका पानाचा पुरे. वरची तीन वेळची वजने, तुम्ही करून पाहिलेले बदल, तुम्ही काय देऊ शकता (तूर, मिलचा वेळ, मजूर, वीज) आणि तुम्हाला काय हवे, एवढेच लिहा. ‘उतारा वाढवणे’ असे लिहू नका. ‘२० क्विंटल रोजच्या मिलमध्ये, नवीन यंत्र न घेता, उतारा ७२ च्या वर नेणे’ असे लिहा. मग पैशाचा हिशेब मांडा. हंगामात १५० दिवस मिल चालली तर ३००० क्विंटल तूर झाली. उतारा एक टक्का वाढला तर ३० क्विंटल डाळ जास्त मिळाली. डाळ आणि चुनी यांच्या भावात किलोला ६० रुपयांचा फरक धरला तर वर्षाला एक लाख ऐंशी हजार झाले. म्हणजे एका टक्क्यासाठी दहा लाखांचा प्रकल्प तुम्हाला परवडत नाही आणि पन्नास हजारांचा नक्की परवडतो. हा आकडा तुम्हीच आधी सांगितला तर पुढचे बोलणे लवकर मार्गी लागते.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेच पीकेव्ही मिनी डाळमिल तयार केली, तेव्हा तिथल्या कापणीपश्चात अभियांत्रिकीच्या लोकांना हा विषय नवा नाही. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. दहा-बारा पोत्यांतून परखीने दाणे काढून ढीग करा, त्याचे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा. दोन किलो उरेपर्यंत हेच करत राहा. नमुना दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत बांधा आणि त्यावर वाण, गाव, तारीख लिहा. कापडी पिशवीतून नेला तर अकोल्याला पोचेपर्यंत ओलावा बदलतो आणि मोजणी वाया जाते.

वरुड भागात आमचा संत्र्याच्या रसाचा लहान कारखाना आहे. काढल्यावर रस चांगला लागतो, काही तासांनी कडवट होतो. एका महाविद्यालयाने यावर पीएचडीचा प्रकल्प सुचवला आहे. तीन वर्षे, सहा लाख. द्यावेत का?

नाही. या कडवटपणाचे कारण फार पूर्वीपासून माहीत आहे. फळातला एक न-कडू घटक रस निघाल्यावर आम्लाच्या संगतीत हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, आणि रस तापवला की हे आणखी लवकर होते. बिया आणि पाकळ्यांवरची साल जितकी जास्त दळली जाते, तितका कडवटपणा जास्त. उपायही माहीत आहेत. काढणी कच्च्या फळावर करू नये, रस काढताना दाब कमी ठेवावा, गाळणी लवकर करावी, आणि मोठ्या प्रमाणावर करायचे असेल तर रस शोषक रेझिनमधून काढावा. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिथे आधी चौकशी करा.

तुम्हाला हवा आहे सल्ला, म्हणजे कन्सल्टन्सी. माणूस दोन दिवस येईल, यंत्र पाहील, तीन बदल सुचवेल आणि तीन वेगवेगळ्या दिवशीच्या रसाचे लिमोनिन मोजून देईल. सोय अशी लक्षात ठेवा : उत्तर कुणाला तरी माहीत असेल तर सल्ला, आकडा हवा असेल तर चाचणी, आणि उत्तर कुणालाच माहीत नसेल तरच संशोधन. पीएचडीला नियमाने किमान तीन वर्षे लागतात, सहा वर्षांपर्यंत ती चालू शकते, आणि विद्यार्थ्याला मध्येच नोकरी लागली की तुमचा प्रश्न कपाटात जातो. एमएस्सी किंवा एमटेकच्या एका सत्रात बसेल असा तुकडा द्या. उदाहरणार्थ, ‘आंबिया बहाराच्या फळात नोव्हेंबर ते डिसेंबर या काळात दर पंधरा दिवसांनी कडवटपणा किती बदलतो’. याचा उपयोग तुम्हालाही आहे, कारण कोणत्या आठवड्यात माल घ्यायचा ते कळेल.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्याकडे उद्योगांशी केलेले बरेच सामंजस्य करार आहेत. एकाही कारखान्याचे काम आमच्याकडे आलेले नाही.

नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फाइलीसाठी केलेले करार फाइलीतच राहतात. सही झाली, फोटो झाला, आणि करारात ‘परस्पर सहकार्य करतील’ यापलीकडे एकही क्रियापद नाही. कारखानदाराला त्यात काहीच दिसत नाही. त्यालाही दोष देता येत नाही.

सुरुवात चाचण्यांपासून करा. बॉयलर असलेल्या प्रत्येक कारखान्याला पाण्याची कठीणता मोजायची असते. ते ईडीटीएचे टायट्रेशन तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये आहे. सरकी तेलातली मुक्त मेदाम्ले, ढेपेतला ओलावा आणि राख, पऱ्हाटीच्या ब्रिकेटमधली राख, एवढ्या चार-पाच चाचण्यांचा दरफलक करा. दर छापील, अहवाल सात दिवसांत, पावती महाविद्यालयाची. बाटली कशी धुवायची, किती भरायची आणि किती तासांत आणून द्यायची, हे दरफलकाच्या मागच्या बाजूला मराठीत छापा.

या कामात घोळ कुठे होतो, तेही सांगतो. नमुना येतो तेव्हा परीक्षा चालू असते आणि बाटली पंधरा दिवस टेबलावर राहते. प्रयोगशाळा सहायक बदलतो आणि नवीन माणूस द्रावण प्रमाणित न करताच वापरतो. म्हणून दर दहा नमुन्यांमागे एक माहीत असलेला नमुना गुपचूप मिसळा आणि त्याचा आकडा वहीत ठेवा. एनएबीएल ही प्रयोगशाळांना मिळणारी राष्ट्रीय मान्यता नसेल तर अहवालावर तसे स्पष्ट लिहा : हा अहवाल कारखान्याच्या अंतर्गत उपयोगासाठी, व्यवहारातल्या वादासाठी नाही. त्याने गिऱ्हाईक तुटत नाही. उलट, पुढे वाद झालाच तर तुम्ही सुरक्षित राहता.

वेळापत्रकाची गाठही आताच सोडवून ठेवा. जिनिंग दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. धान नोव्हेंबरात, तूर डिसेंबर-जानेवारीत येते. तुमच्या सत्रपरीक्षाही बहुतेक याच काळात येतात. विषय जूनमध्ये ठरवा, रसायने ऑगस्टपर्यंत मागवा आणि परीक्षेच्या पंधरवड्यात नमुने कोण घेणार याचे नाव आधीच लिहून ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांचे संचालक असतात. त्यांच्याकडे आणखी एका कराराची मागणी नेऊ नका. चाचण्यांचे उत्पन्न महाविद्यालय आणि काम करणारा विभाग यांत कसे वाटायचे, याची लेखी परवानगी मागा. ती मिळाली की काम चालते.

तुमसर भागात आमची उकड्या तांदळाची मिल आहे. बॉयलरमध्ये कोंडा (धानाचे टरफल) जाळतो, राखेचे ढीग साचतात. ‘राख न्या, पैसे देऊ नका’ म्हटले तरी कुणी नेत नाही. विटा करता येतील का?

येतील, पण विकल्या जातील का, हे आधी पाहा. शंभर किलो धानातून साधारण वीस किलो कोंडा निघतो आणि तो जाळल्यावर सुमारे चार किलो राख उरते. रोज ५० टन धान काढणाऱ्या मिलमध्ये सगळा कोंडा जाळला तर दोन टन राख झाली. आता शेजारी पाहा. तिरोडा, कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर इथली औष्णिक केंद्रे कोळशाची फ्लाय अॅश डोंगराने काढतात, आणि वीटवाले तिच्यावर बसलेले आहेत. त्यांच्याशी स्वस्तपणात तुमची राख टिकणार नाही. तुमच्या राखेत जे फ्लाय अॅशमध्ये नाही, त्याचाच भाव मागायला हवा, आणि ते म्हणजे सिलिका. चांगल्या जळालेल्या राखेत ती ८५ टक्क्यांहून जास्त असते.

पण सगळी सिलिका सारखी नसते. साधारण ७०० अंशांच्या खाली जळलेल्या राखेत ती अस्फटिक राहते आणि सिमेंटमधल्या चुन्याशी अभिक्रिया करते. भट्टी त्याहून तापली आणि राख तशीच तापत राहिली, तर ती स्फटिक बनते आणि सिमेंटमध्ये नुसती बारीक रेतीसारखी पडून राहते. राख काळी असेल तर त्यात न जळलेला कार्बन आहे. तो पाणी पितो आणि मसाला घट्ट होतो. एकाच बॉयलरमधून सकाळी काळी आणि दुपारी करडी राख पडते. म्हणूनच एका पोत्यावर केलेली चाचणी फसवते.

तेव्हा कॉलेजकडे जाण्याआधी दहा दिवस प्रत्येक पाळीत एक किलो राख कोरडी, थेट बॉयलरच्या तोंडाशी घ्या. ढिगावरची पाणी मारलेली राख नको. तारीख, पाळी आणि त्या वेळी बॉयलरचा दाब डब्यावर लिहा. आधी एकत्र मिसळू नका. प्रत्येक डब्याचा ‘लॉस ऑन इग्निशन’, म्हणजे पुन्हा तापवल्यावर किती वजन जळून जाते, तो आकडा काढा. कोणत्याही रसायनशास्त्राच्या विभागात हे होते. आकडे एकमेकांपासून फार लांब असतील, तर तुमचा पहिला प्रश्न बॉयलर चालवण्याच्या पद्धतीचा आहे, राखेचा नाही. ते जमले की निवडक तीन-चार नमुन्यांची एक्सआरडी करून घ्या. स्फटिक की अस्फटिक ते त्यात लगेच दिसते. नागपूरला व्हीएनआयटीत विचारता येईल.

पुढचे काम जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा स्थापत्य विभाग करू शकतो. राख बॉल मिलमध्ये दळून सिमेंटच्या ०, १०, १५ आणि २० टक्के जागी घालायची, मसाला एकास तीन, वाळू एन्नोरची प्रमाणित, ठोकळे ७०.६ मिलिमीटरचे. ७, २८ आणि ९० दिवसांना प्रत्येकी तीन ठोकळे फोडायचे. चार मिश्रणे, तीन वयोगट, तीन ठोकळे, एकूण ३६. विद्यार्थ्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात हे आरामात बसते, पण ठोकळे सप्टेंबरच्या अखेरीस ओतले तरच. डिसेंबरात ओतले तर ९० दिवसांचा आकडा यायच्या आत विद्यार्थी परीक्षेच्या तयारीला लागतात, आणि हीच चूक दरवर्षी होते. राख दळताना मास्क सक्तीचा ठेवा. स्फटिक सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

आणखी एक गिऱ्हाईक लक्षात असू द्या. पोलाद कारखान्यांत वितळलेल्या पोलादावर उष्णता टिकवण्यासाठी कोंड्याची राख टाकतात. त्यांना राख कोरडी आणि नेहमी एकसारखी लागते. विटांपेक्षा हे दार आधी ठोठावलेले बरे.

हिंगणघाटला आमची जिनिंगच्या सुट्या भागांची वर्कशॉप आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी यांच्याबरोबर रोलरसाठी नवीन बांधणी केली. आता ते म्हणतात, पेटंट दोघांच्या नावावर घेऊ. हो म्हणावे का?

म्हणा, पण आज नाही. त्याआधी चार कामे करा.

पहिले काम शोधाचे. रोलर जिनमधल्या क्रोमयुक्त चामड्याच्या रोलरला पर्याय म्हणून रबर आणि कापडाचे रोलर पूर्वीच निघाले आहेत, त्यात सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे काम आहे, आणि सिरकॉटचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर इनपास नावाचा शोध फुकट चालतो. तुमची बांधणी जुन्यापेक्षा नेमकी कशात वेगळी आहे, ते तीन ओळींत लिहिता आले नाही तर वकिलाची फी वाया जाईल.

दुसरे काम तोंड बंद ठेवण्याचे. विद्यार्थ्याने प्रबंध सादर केला, तो शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर चढला किंवा परिषदेच्या पुस्तिकेत लेख छापून आला, की ती गोष्ट जाहीर झाली आणि पेटंटचा नवेपणा गेला. कायद्यात काही मोजक्या प्रसंगी बारा महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. आधी तात्पुरता अर्ज दाखल करा, मग काय छापायचे ते छापा. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण विवरण बारा महिन्यांत द्यावे लागते. ते चुकले तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. तपासणीची मागणी आता ३१ महिन्यांच्या आत करायची असते. पूर्वी ४८ महिने मिळत, आणि जुनी माहितीपत्रके वाचणारे इथेच फसतात.

तिसरे काम फीचे. शैक्षणिक संस्था, लहान उद्योग आणि व्यक्ती यांना ऑनलाइन अर्जाची मूळ फी १६०० रुपये, इतरांना ८००० रुपये. तपासणीची ४००० आणि २०,०००. तुमची उद्यम नोंदणी असेल तर सवलत टिकते. मधेच एखादी मोठी कंपनी सहअर्जदार म्हणून आली तर ती सगळ्यांचीच जाते.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे. संयुक्त पेटंट ऐकायला गोड लागते. पेटंट कायद्याच्या कलम ५० नुसार, वेगळा करार नसेल तर दोन्ही मालकांचा वाटा समान असतो, प्रत्येकाला दुसऱ्याला हिशेब न देता स्वतः ते वापरता येते, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय कुणाला परवाना देता येत नाही किंवा आपला वाटा विकता येत नाही. आता याचा अर्थ पाहा. कॉलेज काही रोलर बनवत नाही, म्हणून त्याला काहीच मिळत नाही, आणि तुम्हाला गुजरातच्या एखाद्या कारखान्याला परवाना द्यायचा तर कॉलेजच्या समितीची सही लागते. ती कधी होईल ते तुम्हीच ओळखा. म्हणून करारात लिहून घ्या : जिनिंगच्या कामापुरता एकमेव परवाना तुम्हाला, समजा पाच वर्षांचा. त्याबदल्यात कारखान्यातून निघणाऱ्या किमतीवर ठरलेले टक्के रॉयल्टी. दीड वर्षात माल बाजारात आला नाही तर परवाना परत. इतर उपयोग कॉलेजकडे मोकळे. तुमच्याकडे आधीपासून असलेली रेखाचित्रे आणि त्यांच्याकडे असलेली माहिती यांची यादी परिशिष्टात जोडा. नाही तर उद्या तुमचाच जुना साचा ‘संयुक्त’ ठरतो. लेख छापण्यापूर्वी तुम्हाला ३० दिवस आधी कळवायचे, हेही लिहा. छपाई कायमची रोखू नका. विद्यार्थ्याची पदवी त्यावर अवलंबून असते.

दोन्ही विद्यार्थ्यांनी खरोखर काही सुचवले असेल तर शोधक म्हणून त्यांची नावे आलीच पाहिजेत. करार महाराष्ट्रात आता ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर होतो. सही विभागप्रमुखाची चालत नाही. संस्थेच्या वतीने सही करण्याचा अधिकार ज्याला आहे त्याचीच घ्या, विद्यापीठ असेल तर कुलसचिवांची.

आमचे महाविद्यालय राजुरा तालुक्यात आहे. जवळ सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या, पैशातून संशोधन होऊ शकते का?

सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात, राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा आयआयटीत विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक यांतल्या संशोधनाला कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत जागा आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाला या कलमाखाली नाही. शिवाय कंपनीच्या रोजच्या धंद्यातले काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. म्हणजे त्यांच्या भट्टीचे इंधन वाचवायचा प्रकल्प त्यांनी संशोधनाच्या खर्चातून द्यावा, सीएसआरमधून नाही. आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींचे पाणी तपासणे बसू शकते. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत द्या, कारण पुढच्या वर्षाचा आराखडा बहुतेक मार्चपर्यंत ठरलेला असतो.

धानोरा तालुक्यातल्या आमच्या ग्रामसभेकडे एक कंपनी आणि एका विद्यापीठातले संशोधक आले. मोहफूल आणि काही औषधी झाडांचे नमुने, शिवाय वैदूंची माहिती मागतात. द्यावी का?

एकाच दिवशी दोन्ही देऊ नका. नमुना ही वस्तू आहे आणि माहिती ही निराळी. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ट) ने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर समूहाचा हक्क मान्य केला आहे. इंग्रजी प्रतीत हेच उपकलम ‘के’ अक्षराखाली आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार व्यापारी उपयोगासाठी नमुना घेणाऱ्या भारतीय कंपनीने राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवायचे असते. मंडळाचे कार्यालय नागपुरात आहे. नुसत्या अभ्यासासाठी येणाऱ्या भारतीय संशोधकाला ही अट नाही. पण त्याच्या अभ्यासामागे कंपनीचा पैसा आहे का, हे त्याला सर्वांसमोर विचारा आणि उत्तर ठरावात लिहून घ्या. २०२३ च्या दुरुस्तीत ग्रंथांत लिहिलेल्या ज्ञानाला आणि लागवडीच्या औषधी झाडांना सवलत मिळाली. तुमच्या वैदूंचे ज्ञान तोंडी आहे, ते त्यात येत नाही.

आधी जैवविविधता व्यवस्थापन समितीची बैठक घ्या. लोक जैवविविधता नोंदवहीत त्या झाडांची नोंद आहे का पाहा, आणि नसेल तर घाला, मात्र औषधाची नेमकी कृती उघड नोंदीत लिहू नका. मग दोन पानांचा करार : किती किलो, कशासाठी, तिसऱ्या कुणाला देणार नाही, निकाल मराठीत आणि शक्य असेल तर गोंडीत समजावून सांगणार, व्यापार झाला तर ग्रामसभेचा वाटा किती. पारंपरिक ज्ञान जसेच्या तसे पेटंट होत नाही, पण त्यावरून काढलेला अर्क किंवा नवी प्रक्रिया होऊ शकते. वाट्याचे बोलणे म्हणूनच आधी करायचे.

मोहफूल देताना ते वाळलेलेच द्या. ओल्या फुलांचे पोते दोन-तीन दिवसांत आंबते आणि प्रयोगशाळेत साखरेचा आकडा खोटा येतो. जमिनीवर वाळवलेल्या फुलांत माती जाते. झाडाखाली जाळी बांधून वेचलेली आणि ताडपत्रीवर वाळवलेली फुले वेगळी ठेवा आणि दोन्हींचे नमुने द्या. फरक आकड्यांत दिसला तर जाळीच्या फुलांना जास्त भाव मागता येईल.

प्रकल्पाचे पैसे विद्यापीठाच्या खात्यात भरून चार महिने झाले. काम सुरू नाही. प्राध्यापक म्हणतात, ‘खरेदी अडकली’. हे खरे असते का?

बहुतेक वेळा खरे असते. पैसे प्राध्यापकाच्या हातात येत नाहीत. ते विद्यापीठाच्या खात्यात जातात, त्यातून संस्थेचा वाटा कापला जातो, मग खरेदीसमिती, तीन दरपत्रके किंवा सरकारी खरेदीचे जेम पोर्टल. मार्चमध्ये सगळ्यांचीच घाई आणि एप्रिलमध्ये नवीन मंजुरी. यावर उपाय असा. रसायने, सुटे भाग, कच्चा माल तुम्हीच विकत घेऊन पावतीसह विभागात जमा करा आणि रोख फक्त मनुष्यबळासाठी द्या. हप्ते कामाशी बांधा : सुरुवातीला ३० टक्के, पहिले आकडे हातात आल्यावर ४०, मसुदा अहवालावर २०, शेवटी १०. पूर्णवेळ संशोधन सहायक नेमायचा असेल तर केंद्राच्या २०२३ च्या दराने ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे. लहान कारखान्याला हे जड जाते. चार महिन्यांसाठी एमएस्सीचा विद्यार्थी मानधनावर घेतलेला चालतो. सल्ला आणि चाचणी यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो जीएसटी नोंदणी असलेल्या आणि करपात्र माल विकणाऱ्या कारखान्याला वळता करून घेता येतो. अनुदान घेऊन केलेल्या संशोधनाला ऑक्टोबर २०२४ पासून ठरावीक संस्थांसाठी सूट आहे. बिल काढण्यापूर्वी विद्यापीठाच्या लेखा विभागाला विचारा, नंतर नाही.

विद्यार्थी जिनिंगमध्ये नमुने घ्यायला जाणार आहेत. महाविद्यालयाने काय काळजी घ्यावी?

अपघात विमा, कारखान्याचे लेखी परवानगीपत्र आणि सोबत एक ओळखीचा फिटर. ओढणी, मफलर, मोकळे केस, सैल बाह्या चालणार नाहीत. जिनच्या शाफ्टला कापड लागले तर सोडवायला वेळ मिळत नाही. नमुना चालू यंत्रातून हाताने काढायचा नाही. रुई बाहेर पडते तिथून लांब दांड्याच्या पकडीने घ्यायचा, किंवा यंत्र थांबल्यावर. रात्रपाळीचे नमुने हवेच असतील तर ते कारखान्याच्या माणसाने घ्यावेत आणि पिशवीवर वेळ लिहावी.